लेंकुरवाळीचा विमानप्रवास

मुंबईहून लंडनला जाणारें एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान ८ जून १९४८ रोजीं निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. आज तोच प्रवास मध्यें कोठेंहि न उतरतां नऊ-दहा तासांत होतो. नोकरीसाठीं आखातांत किंवा त्याहून दूर गेलेल्या वसई-विरारच्या माणसांमागें त्यांचीं बायकामुलेंहि जातात, आणि पुष्कळदां दोन लहानग्यांना घेऊन आईला एकटीनेंच निघावें लागतें. प्रवास जलद झाला. आईचे हात मात्र दोनच राहिले.

या प्रवासांतील खरी अडचण अंतराची नसून हातांची आहे. दोन वर्षांखालील मूल मांडीवर नेतां येतें. पण एका मांडीवर एकच. दुसऱ्याला स्वतंत्र जागा घ्यावीच लागते. कांहीं जागांपुढील भिंतीला तान्ह्यासाठीं पाळणा लावतात. तो तिकीट काढतांनाच मागून ठेवावा.

विमान उतरूं लागलें कीं आंतील हवेचा दाब वाढतो व कानाच्या पडद्यावर ताण येतो. घोट गिळला म्हणजे घसा व मधला कान यांना जोडणारी नळी उघडते. म्हणून त्या वेळीं तान्ह्याला पाजावें. मात्र थोडें आधींच पाजून टाकलें, तर ऐन वेळीं तें तोंड लावीत नाहीं.

मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया एके काळीं मूल निजून राहावें म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. प्रवासांत झोप यावी म्हणून सर्दीचें औषध पाजण्याचा मोह हा तिचाच भाऊबंद होय. अशा औषधानें तान्ह्याचा श्वास मंदावूं शकतो. कांहीं मुलें तर उलट अधिकच चेकाळतात. रडणारें मूल पत्करलें, पण हा धोका नको.

विमानांतील दाब एकाएकीं कमी झाल्यास वरून प्राणवायूचे मुखवटे लोंबूं लागतात. आईनें आपला मुखवटा आधीं व मुलाचा नंतर लावावा, अशी सूचना प्रत्येक उड्डाणापूर्वीं देतात. आईच्या मनाला ती रुचत नाहीं. परंतु पस्तीस हजार फुटांवर प्राणवायूवांचून हात चालविण्याइतकी शुद्ध अर्धा ते एक मिनिटच टिकते. आईच बेशुद्ध पडली, तर मुलाला मुखवटा लावणार कोण?

हाच न्याय साऱ्या प्रवासाला लागू आहे. मुलांच्या आधीं आईनें दोन घास खावे, पाणी प्यावें, आणि मदत मागावी. विरार लोकलच्या बायकांच्या डब्यांत उभ्या आईच्या कडेवरचें मूल बसलेली अनोळखी बाई सहज आपल्या मांडीवर घेते. त्यांत कोणालाच कमीपणा वाटत नाहीं. विमानांत मात्र तीच आई संकोचानें गप्प बसते. शेजारणीला किंवा विमानसेविकेला, "बाई, घटकाभर याला धरा," एवढेंच म्हणावयाचें आहे. तेवढ्यानें तिला तिसरा हात मिळतो, आणि मुलांना शुद्धीवर असलेली, पोट भरलेली आई मिळते.