रिपोर्ट नॉर्मल, त्रास चालूच: निदान होईपर्यंत काय करायचं?

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)

सोलापुरातून बोलतेय. हातापायाला मुंग्या येतात, मध्येच एक पाय जड होतो, हातातून कप निसटतो, आणि डॉक्टर सगळे कागद बघून म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत. बघूया." या "बघूया"च्या काळात माणसानं करायचं काय, यावर आज बोलायचंय.

मी स्वतः चौदा महिने या "बघूया"त आहे. डावा पाय बधिर होतो, अधूनमधून डाव्या हाताची पकड जाते. एमआरआय झाला, रक्त तपासून झालं, आजाराला नाव अजून मिळालेलं नाही. मी डॉक्टर नाही. वाट बघता बघता डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते सांगते.

सगळ्यात आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: हे किती वेगानं वाढतंय? कारण काही लक्षणांत वाट बघायचीच नसते.

जानेवारी २०२५ आठवतोय? पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या वर गेला. आपल्याकडे गड्ड्याची जत्रा चालू होती आणि त्याच महिन्यात पुण्याहून सोलापूरला आलेल्या एका रुग्णाचा इथं मृत्यू झाला. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू म्हणून ती बातमी आली. आपल्या किती घरांतली पोरं पुण्यात आहेत! त्या आठवड्यात सगळ्यांचे फोन खणखणत होते.

जीबीएसमध्ये होतं असं की बऱ्याचदा आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन जातो. मग जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. पुण्यातल्या काही रुग्णांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोट बिघडवणारा जंतू सापडला होता. पायांना मुंग्या, मग अशक्तपणा, तो वर चढत हातापर्यंत, आणि काहींमध्ये श्वासाच्या स्नायूंपर्यंत. हे सगळं काही दिवसांत होतं. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार लवकर सुरू झाले तर जास्त उपयोगी पडतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. एवढ्या गंभीर आजारातसुद्धा पाठीतल्या पाण्याची तपासणी आणि नसांची एनसीव्ही तपासणी पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकते. म्हणून अनुभवी डॉक्टर फक्त कागदावर अवलंबून राहत नाहीत. गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, चालायला लावतात.

तर पळायचं कधी? दोन्ही पायांतली ताकद तासातासाला, दिवसादिवसाला कमी होतेय. श्वास घ्यायला, गिळायला त्रास होतोय. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं. लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली. पहिल्यांदाच फिट आली. यातलं काहीही असलं तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. १०८ ला फोन लावायचा आणि मोठं हॉस्पिटल गाठायचं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला बराच वेळ घरी चर्चा करण्यातच जातो.

हे नसेल, त्रास महिनोन्महिने कमी-जास्त होत असेल, तर तुम्ही माझ्या रांगेत आहात. मग पुढचं ऐका.

"रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "तुला काही झालेलं नाही" असा होत नाही. प्रत्येक तपासणी ठरावीक गोष्टच बघते. एमआरआय मेंदूची आणि मणक्याची रचना दाखवतो, काम कसं चाललंय ते नाही. मायग्रेन त्यात दिसत नाही. एनसीव्ही जाड नसा तपासते. कातडीजवळच्या बारीक नसांचा बिघाड तिला सापडत नाही. ईईजी त्या अर्ध्या तासापुरता असतो. पहिला ईईजी नॉर्मल आला म्हणून फिटचा आजार नाही, असं ठरत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराचं निदान करताना तर मेंदूत आणि मणक्यात वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी इजा झाली का, हेही बऱ्याचदा बघतात. म्हणजे काही निदानांत वेळ हाच पुराव्याचा भाग असतो. हे कळल्यावर "बघूया" या शब्दाचा राग माझा थोडा कमी झाला.

आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणून बोळवण झाली तर? माझीही झालीय. तेव्हा शांतपणे विचारायचं, "तुम्हाला काय वाटतंय? कशाची शक्यता गेली, कशाची उरली? काय झालं तर मी लगेच यावं?" हे तीन प्रश्न मोबाईलमध्ये लिहून न्या. फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर नावाचा प्रकार खरा आहे. त्यात मेंदूची रचना ठीक असते, पण संदेशांची देवाणघेवाण बिघडते. तो नाटक नव्हे. त्याच्या तपासणीत दिसणाऱ्या खास खुणा असतात. त्यातली एक, हूवरची खूण, १९०८ पासून माहीत आहे. "काहीच सापडलं नाही, म्हणजे मनाचं" असं ते निदान करायचं नसतं.

आता हातातल्या फोनचा उपयोग. रात्री दोन वाजता लक्षणं सर्च करायला तो वापरू नका. मी करून बघितलंय, झोप जाते आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा नोंद ठेवा. रोज चार ओळी: कधी सुरू झालं, कुठं, किती वेळ, काय करता येईना. "हात दुखला" यापेक्षा "शर्टाचं बटण लावता आलं नाही" हे डॉक्टरांच्या जास्त कामाचं. झोप, पाळी, ताप, नवीन गोळी लिहा. आणि ऊन लिहा! सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि काही मज्जातंतूंच्या आजारांत उष्णतेनं लक्षणं तात्पुरती वाढतात.

झटके येत असतील तर घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगून ठेवा. आधी माणसाला कुशीवर, सुरक्षित वळवायचं, मग व्हिडिओ. तोंड आणि पूर्ण अंग दिसलं पाहिजे. डोळे उघडे होते की मिटलेले, हे निदानाला फार उपयोगी पडतं. आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

पैशाचं बोलू. सकाळची हुतात्मा पकडून पुण्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि फी दोन्ही जातात. म्हणून आधी स्वस्त गोष्टी झाल्यात का ते बघा: साखर, थायरॉईड, बी१२. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता बरीच आढळते, मुंग्यांचं ते एक कारण आहे, आणि त्यावर उपचार आहे. पण रक्त द्यायच्या आधीच मेडिकलमधून "ताकदीचं" इंजेक्शन घेतलं तर रिपोर्टमध्ये बी१२ भरपूर दिसतं आणि खरी गोष्ट झाकली जाते. नसांच्या गोळ्याही मनानं महिनोन्महिने खाऊ नका. बी६ जास्त झालं तर त्यानंच नसा बिघडतात. पुण्याला जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. नाहीतर तीच तपासणी पुन्हा.

राहिली माणसं. गल्लीतल्या काकू विचारतात, "काय निघालं गं?" काही निघालं नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर "मग काय एवढं" उमटतं. मी आता म्हणते, "शोध चालू आहे, काकू." एवढंच. आई मीठ-मोहरीनं दृष्ट काढते. काढू दे, तिलाही काहीतरी करायचं असतं. फक्त चालू गोळी आणि तारीख चुकवत नाही.

खरं सांगू, आजारापेक्षा जास्त थकवतं ते रोज स्वतःला सिद्ध करणं. म्हणून घरातल्या एका माणसाला सगळं सांगा, दवाखान्यात सोबत न्या. मन फारच खचलं, जगणं नको वाटलं, तर टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तिथं फोन केला म्हणजे तुमचा पाय खोटा बधिर होतो, असं होत नाही. दोन्ही त्रास खरे असू शकतात.

नाव मिळेपर्यंत जगणं थांबवून ठेवायचं नाही. मी रोज जमेल तेवढं चालते, काम दोन टप्प्यांत करते, आणि पुढच्या महिन्याच्या तारखेसाठी नोंदींचं एक पान तयार ठेवलंय. दहा पानं कुणी वाचत नाही, एक पान वाचतात.

तुमच्या ओळखीत कुणी असं वाट बघत असेल तर त्याला हा भाग पाठवा. आणि "काय निघालं?" ऐवजी "आज कसं आहे?" विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!