जाहिरातीत नंबर कुणाचा?

(ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



जाहिरात म्हटलं की चळवळीतल्या बाईच्या कपाळाला आठी पडते. काहीही विकायला बाईचं शरीर वापरलं गेलं, त्याविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीनं आवाज उठवला. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा १९८६ साली आला. आज मात्र मला बोलायचंय ते स्वतः जाहिरात करणाऱ्या बाईबद्दल.

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचं काम सुरू केलं. त्यांचा तो ससा दूरदर्शनवर दिसला, तो उद्योग चांगला वाढल्यावर. आज डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र काढणारी बाई पहिल्याच महिन्यात, दिवसाला शे-दीडशे रुपयांत, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरात देऊ शकते. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा.

गटात गेले की बायका विचारतात, ताई, फोटो कुठला टाकू? मी उलट विचारते, नंबर कुणाचा टाकलाय? बहुतेक वेळा तो नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. पैशांचा क्यूआर कोडही त्याचाच. म्हणजे पहाटे उठून कणीक मळायची हिनं, ऑर्डर घ्यायची त्यानं, आणि गॅस संपला की पैसे मागायचे हिनंच! कारण विचारलं तर, "बाईचा नंबर दिला की रात्री नको ते फोन येतात."

येतात, हे खरंच आहे. म्हणून धंद्याचं सिमकार्ड वेगळं घ्या, तिच्या नावावर. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घाला. ठरलेल्या वेळेनंतर ते आपोआप "उद्या सकाळी बोलू" असं उत्तर पाठवतं. घराचा पत्ता छापू नका, जवळचा चौक पुरे. नको तो मेसेज आला तर पुसू नका. बाईनं नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, तो मेसेज पुरावा आहे. क्यूआर कोड तिच्या खात्याचा हवा. आणि हे गटात घोकून घ्या: पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, चोर.

आता जाहिरातीकडे. नकाशावर टाचणी टोचून भोवतीचा परीघ निवडता येतो. पण त्या वर्तुळाला रेल्वेचे रूळ कळत नाहीत! डोंबिवली पश्चिमेला टाचणी टोचली तर पूर्वेचे लोक येतात, खाडीपलीकडची भिवंडी तालुक्यातली गावंही येतात. डबा पोचवायला तुमच्याकडे सायकल आहे की पायच आहेत, ते पाहून मजकुरातच लिहा, "फक्त पश्चिम, स्टेशनजवळ". वेळही तशीच. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये लोंबकळणारी बाई घरी जाऊन काय रांधायचं याच विचारात असते. तिला जाहिरात तेव्हा दिसू दे. चित्र एकच, आपल्याच ताटाचं, दिवसाच्या उजेडातलं. दुसऱ्याचा फोटो उचलू नका. अन्न नोंदणीचा चौदा आकडी नंबर टाका.

"आईच्या हातची चव" हे शब्द मला खटकतात. आई फुकट राबते हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून गिऱ्हाईक लगेच घासाघीस करतं. त्यापेक्षा भाव स्पष्ट लिहा: एवढ्या पोळ्या, एवढे रुपये. भाव ठरवताना पीठ, तेल, गॅस, जाहिरात धरताच. आपल्या तासांची मजुरीही धरा.

फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारा, कुठून कळलं? वहीत लिहा. जाहिरात पाहणारे हजार असतील, पण ऑर्डर देणारे किती ते वहीच सांगेल. आठवड्यात खर्चही निघाला नाही तर मजकूर बदला.

आणि दिवाळीच्या फराळाच्या जाहिरातीत ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात टाका. तारीख झाली की जाहिरात बंद करा, राहिलेले पैसे वाचतील. नाहीतर फोन येतच राहतात, नाही म्हणवत नाही, आणि गटातल्या दोघी-तिघी रात्री दोनपर्यंत चकल्या तळत बसतात.