चौलला उतरलेला रशियन

टाकवे बुद्रुकवरून आंदर मावळातून पुढे गेलं की कुसूर घाटाने कोकणात उतरता येतं. घाटमाथा आणि बंदरं यांना जोडणाऱ्या अशा वाटांमुळेच युरोपच्या उत्तर मध्ययुगाचं एक पान आपल्या मुलखात लिहिलं गेलं. रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितिन 1470च्या सुमारास चौल बंदरात उतरला आणि सह्याद्री चढून जुन्नरला गेला. तो टाकव्यावरून गेला, असा दावा मात्र कुणी करू नये. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या बहमनी सरदाराने, असदखानाने, काढून घेतला. धर्म बदल, तरच घोडा मिळेल, अशी अट घातली. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा सुटला. चार महिन्यांचा रात्रंदिवस पाऊस आणि चिखल यांचीही नोंद त्याने आपल्या वहीत केली. मावळकरांना ती खरी वाटेल.

वास्को द गामा कालिकतला आला 1498 साली, म्हणजे पाव शतकानंतर. कुणी म्हणेल, गामामागून आरमार आलं, निकितिनमागून कोण आलं? शिवाय व्हेनिसचा निकोलो कोंती निकितिनच्याही आधी विजयनगर पाहून गेला होता. दोन्ही खरं. पण आरमार हेच इतिहासाचं माप धरलं, तर पंधराव्या शतकातलं जुन्नर, तिथला घोडेबाजार, तिथली माणसं दिसणारच नाहीत. ती निकितिनच्या वहीत दिसतात. दाभोळहून परत निघालेला निकितिन त्वेरला पोहोचला नाही; स्मोलेन्स्कजवळ वारला. वही मॉस्कोला पोहोचली.