विषाद आणि कर्तव्य



लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी याच रत्नागिरीत झाला. त्यांच्या धैर्याची गोष्ट निघाली की एक प्रसंग हटकून सांगितला जातो. १९०३ साली प्लेगने त्यांचा ज्येष्ठ पुत्र विश्वनाथ गेला. ताईमहाराज प्रकरणाचा ससेमिरा त्याच काळात मागे होता. तरीही ‘केसरी’चे काम थांबले नाही.

प्रसंग मोठाच आहे. मात्र तो कोणाला आणि केव्हा ऐकवला जातो, हे पाहिले पाहिजे. घरात पत्नीचे दुर्धर आजारपण, मुलाचा वियोग किंवा भावाभावांतला वाद असतो. कचेरीत खातेवहीसमोर बसलेल्या माणसाला बेरीज जुळत नाही. अशा वेळी हितचिंतक म्हणतात, “टिळकांकडे पाहा, कामात बुडवून घ्या.” बिचारा आणखी खचतो. दुःख होतेच, त्यात आता नालायकपणाच्या भावनेची भर पडते.

दुसरा प्रसंग त्या मानाने क्वचितच सांगितला जातो. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या, तेव्हा लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. तारेने वार्ता पोहोचल्यावर त्यांनी पुण्याला आपल्या भाच्याला पत्र लिहिले. संकटे शांतपणे सोसण्याची सवय असूनही या आघाताने आपण हादरून गेलो, अखेरच्या वेळी जवळ नव्हतो हेच शल्य सर्वांत मोठे, अशा आशयाची कबुली त्या पत्रात आहे. एवढ्या खंबीर पुरुषाला ती देताना संकोच वाटला नाही.

त्याच तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले होते. गीतेचा आरंभही विषादानेच होतो. ज्याचे कामच युद्ध, त्या अर्जुनाचे कामाच्या जागीच हातपाय गळतात, धनुष्य हातातून निसटते. श्रीकृष्ण प्रथम त्याची निर्भर्त्सना करतात. तिचा उपयोग होत नाही. ‘लढणार नाही’ म्हणून अर्जुन गप्प बसतो. त्यानंतर सुरू होतो तो दीर्घ संवाद, आणि त्यात शंका विचारण्याची त्याला पूर्ण मुभा आहे. अर्जुनाला वैद्यकीय नाव चिकटविण्याचे कारण नाही, पण नुसत्या धिक्काराने खचलेला माणूस उभा राहत नाही, एवढे त्यातून दिसते.

दुःख आणि नैराश्याचा आजार यांत भेद आहे. दुःखी माणसाला कामाचा आधार मिळतो. चार तास का होईना, मन अन्यत्र रमते. नैराश्याच्या आजारात काम करण्याची शक्तीच हिरावली जाते. पहाटे लवकर जाग येते, भूक मंदावते, आवडत्या गोष्टींतले स्वारस्य संपते, साधा निर्णय डोंगराएवढा वाटतो. ही अवस्था दोन आठवडे टिकली, तर वैद्यकीय सल्ला घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. हे सारे लोक आळशी खचितच नाहीत.

अशा काळात राजीनामा, घरविक्री यांसारखे निर्णय पुढे ढकलावेत. वरिष्ठांपैकी एका विश्वासू व्यक्तीला थोडक्यात कल्पना द्यावी. सगळी कर्मकहाणी सांगण्याची गरज नसते. रोखीच्या खिडकीवरून काही आठवडे दुसऱ्या टेबलावर बदली, किंवा रीतसर रजा, असे नेमके काही मागावे. मोठ्या कामाचे लहान तुकडे करावेत.

सहकाऱ्याची आणि कार्यकर्त्याची जबाबदारी याहून मोठी आहे. नेहमी येणारा माणूस बैठकीला येईनासा झाला, तर त्याच्यावर नवी जबाबदारी टाकण्याआधी त्याच्या घरी जाऊन यावे. जीव नकोसा झाला आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘होय’ आले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. तरी गावात त्याचे नाव आजही चेष्टेत घेतले जाते, आणि म्हणूनच हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस तिथली पायरी चढायला कचरतो. ज्याला तेवढेही धैर्य होत नाही, त्याच्यासाठी २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा अहोरात्र उपलब्ध आहे, मराठीतूनही बोलता येते. औषध सुरू झाले तर गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ते मनाने बंद करू नये. किती काळ घ्यायचे, हे डॉक्टर ठरवतील.