आले, सुंठ आणि उसाचे पेर



माझ्या हातात काय आहे ते ओळखा पाहू! बरोबर, हे आले आहे. हे मूळ आहे, असे पुष्कळांना वाटते. पण नीट निरखून पाहा. यावर बारीक डोळे आहेत. ओल्या मातीत ठेवले की डोळ्यांतून कोंब फुटतात. मुळाला असे डोळे नसतात. म्हणून आले हे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड आहे.

आता त्याच्या नावाकडे वळू. संस्कृतात 'आर्द्र' म्हणजे ओलसर. ताज्या, रसाळ आल्याला संस्कृतात 'आर्द्रक' म्हणत. त्यापासूनच मराठीत 'आले', हिंदीत 'अदरक' आणि भोजपुरीत 'आदी' हे शब्द झाले. म्हणजे ही तिन्ही भावंडेच! वाळवलेल्या आल्याला मात्र आपण 'सुंठ' म्हणतो. एखादे संकट आपोआप टळले, तर घरातली मोठी माणसे म्हणतात, "सुंठीवाचून खोकला गेला!"

आल्याला संस्कृतात 'शृंगवेर' असे आणखी एक नाव आहे. 'शृंग' म्हणजे शिंग. पण तमिळमध्ये आल्याला 'इंजी' म्हणतात आणि 'वेर' म्हणजे मूळ. म्हणून हे नाव दक्षिणेकडील भाषांतून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पालीत त्याचे 'सिंगिवेर' झाले. व्यापाराबरोबर ते ग्रीक आणि लॅटिन भाषांत गेले. पुढे फ्रेंचमध्ये 'जेंजांब्र' झाले आणि आपल्या मॉरिशसच्या क्रेओलमध्ये 'झेंझाम'! बाजारात तुम्ही 'झेंझाम' मागता, तेव्हा भारतातून निघालेला एक फार जुना शब्दच उच्चारता.

आता बाहेर उसाच्या शेताकडे पाहा. ऊस म्हणजेही खोडच. त्याच्या दोन गाठींमधल्या भागाला आपण 'पेर' किंवा 'कांडे' म्हणतो. 'पेर' हा शब्द संस्कृत 'पर्व' या शब्दापासून आला. 'कांडे' आला 'कांड' या शब्दापासून. रामायणाची सात कांडे आणि महाभारताची अठरा पर्वे तुम्ही ऐकली आहेत ना? उसाला जशी कांडी, तसे ग्रंथाला भाग!

1834 पासून भारतातून मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत येऊ लागले. पुढे मुंबई बंदरातून आपले मराठी पूर्वजही आले. त्यांच्या गाठोड्यात सामान थोडे होते, पण ओठांवर असे शेकडो शब्द होते. त्यांतले काही आता फक्त आजी-आजोबांनाच ठाऊक आहेत. आपण ते विचारले नाहीत, तर ते त्यांच्याबरोबरच जातील.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. स्वयंपाकघरातील पाच वस्तूंची मराठी नावे आजीला विचारा आणि वहीत लिहा. उद्या वर्गात ती आपण मिळून वाचू.