वळणापलीकडील लहर

१९०१ सालच्या डिसेंबर महिन्यात इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील पोल्डू येथून एक बिनतारी संदेश निघाला. संदेश कसला, नुसती तीन टिंबे. मोर्सच्या लिपीतील ‘एस’ हे अक्षर! अटलांटिकच्या पैलतीरावर, न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे, पतंगाच्या आधाराने वर चढविलेल्या तारेशी कान लावून मार्कोनी बसला होता. आपण ती टिंबे ऐकली, असे त्याने जाहीर केले.

या दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर. त्यांना जोडणारी सरळ रेषा कल्पिली, तर मध्यभागी पृथ्वीचा फुगवटा तिच्यावर सव्वादोनशे किलोमीटर उंच येतो. मग एवढा डोंगर ओलांडून लहर पोहोचली कशी? ती पृथ्वीच्या अंगाला बिलगून वळली असेल काय? आणि वळली, तर पलीकडे तिचे किती बळ उरले असेल?

अँटेना सपाट धातूच्या पत्र्यावर उभी असेल, तर गणित सोपे असते. आरशात प्रतिबिंब दिसावे तशी पत्र्याखाली दुसरी अँटेना कल्पावयाची आणि दोहोंच्या लहरींची बेरीज करावयाची. पृष्ठ गोल झाले, की ही युक्ती लंगडी पडते. गोलासाठी मॅक्सवेलच्या समीकरणांचे उत्तर एका श्रेढीच्या रूपाने मिळते खरे. परंतु तिची किती पदे घ्यावी लागतात? साधारणतः गोलाच्या परिघात जितक्या तरंगलांबी मावतील तितकी. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर आणि लहर एक किलोमीटर लांबीची धरली, तर पदे चाळीस हजारांच्या घरात जातात! पॉइन्कारेसारख्या थोर गणितज्ञांनीही या प्रश्नाशी झुंज घेतली होती.

१९१८ साली जी. एन. वॉटसन या इंग्रज गणितज्ञाने त्या श्रेढीचे असे रूपांतर केले, की मोजक्याच पदांत उत्तर हाती यावे. मात्र उत्तर निघाले नकाराचे. वळणामागे लहरीचे बळ इतक्या झपाट्याने ओसरते, की प्रत्यक्ष मिळणाऱ्या संदेशांचा उलगडा नुसत्या वळण्याने होऊच शकत नाही.

माझे आयुष्य सरकारी कचेरीत गेले. हिशेबाचा ताळा जमेना, की शेवटी ‘किरकोळ’ या सदराखाली एक रक्कम घालून मोकळे होण्याचा मोह मी पाहिला आहे. एकदा तो मलाही झाला होता. वॉटसनने ताळा जमविला नाही. आपले गणित अचूक आहे, तर निसर्गातच काहीतरी हिशेबाबाहेर राहिले असले पाहिजे, असे त्याने मानले. हेविसाइड व केनेली यांनी १९०२ मध्येच उंच आकाशात विद्युद्वाहक थर असावा, असे सुचविले होते. १९१९ मध्ये वॉटसनने तो थर गणितात घेतला आणि उत्तर अनुभवाशी जुळले. १९२४ साली ॲपलटनने तो थर प्रयोगाने सिद्ध केला.

हाच प्रश्न विमानाबरोबर पुन्हा उभा राहिला. विमानाच्या पाठीवरील अँटेनेची लहर पोटाखालच्या दिशेस किती पोहोचेल? वैमानिकाचा जमिनीशी असलेला संवाद या उत्तरावर अवलंबून असतो. जोसेफ केलर या अमेरिकन गणितज्ञाने यासाठी किरणांचीच भाषा योजिली. किरण पृष्ठावरील सर्वांत जवळच्या वाटेने सरपटत जातो आणि पावलोपावली स्पर्शरेषेच्या दिशेने आपला थोडा अंश बाहेर सोडीत क्षीण होतो. नळकांड्यावरील ही वाट काढावयाची, तर कागदावर सरळ रेषा ओढून तो नळकांड्याभोवती गुंडाळावा. स्क्रूच्या आट्यासारखी वाट दिसेल. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज भिंतीच्या आतल्या अंगाने दूरवर जाते, कारण तेथे वळण तिला आत धरून ठेवते. विमानाच्या बाहेरच्या अंगावर मात्र तेच वळण लहरीला निसटू देते.

केलरची सूत्रे उजेड आणि छाया यांच्या सीमेवर फसत. ही उणीव भरून काढणारे, दोहोंना सलग जोडणारे गणित पुढे अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात कूयूमजियन, प्रभाकर पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. बहिर्वक्र पृष्ठावरील अँटेनेसाठी ते १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. आज संगणक लक्षावधी समीकरणे सोडवितात. तरीही उत्तर असे का आले, हे समजून घेण्यास ही सरपटणाऱ्या किरणांची कल्पना उपयोगी पडते.

माझा आवाज आपणापर्यंत पोहोचतो, त्यामागे अशा कित्येक हिशेबांची पुण्याई आहे. त्यांत वॉटसनच्या त्या नकाराचे स्थान मला विशेष मोलाचे वाटते. न जुळलेला आकडा त्याने झाकला असता, तर आकाशातील थराची गरज गणिताने इतक्या ठामपणे सांगितली नसती.