दिवस संपला, खेळ थांबवा

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा व्हिडिओ गेम २०१६ साली आला. अमेरिकेतल्या एरिक बरोन यांनी तो एकट्यानं घडवला, त्यासाठी चारेक वर्षं खपून. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्यांचंच!

यातला दिवस सकाळी सहाला उजाडतो. जमीन खणा, पाणी घाला, गळ टाका. कामागणिक अंगातली ताकद घटत जाते. मध्यरात्रीनंतर जागलात, तर दुसऱ्या दिवशी ती पूर्ण भरत नाही. दोनला तर खेळातला तुमचा गडी जागीच कोसळतो. खेळ जतन होतो तो दिवस संपल्यावर. थांबायला याहून सोयीची जागा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीवरून दमून आलात, तर जरूर खेळा. मात्र गड्याला झोपवलंत की तुम्हीही झोपा.